बगळा राही गार

१२ नोव्हेंबर

प्रकाशकांनी एकदाचा होकार दिला. 'पाणकाठ'ची नवी आवृत्ती निघणार आणि संपादन माझ्याकडे. या गृहस्थांना कॉलेजात सगळे घाईदास म्हणतात, कारण ते बसतानाच उठायची तयारी करतात. आजही चहा उभ्याने प्यायले आणि म्हणाले, "फेब्रुवारीत प्रकाशन. सरांच्या सत्काराच्या दिवशीच. एका दगडात दोन पक्षी." निसर्गकवितेसाठी बरी म्हण सापडली त्यांना.

घरी दंतवैद्यांना बातमी सांगितली. (नवऱ्याला मी वहीत दंतवैद्य म्हणते. समोर काय म्हणते ते इथे नको.) ते म्हणाले, "म्हणजे आता फेब्रुवारीपर्यंत मी बगळ्यांबरोबर जेवायचं." मी म्हटलं, बगळे निदान जेवताना मोबाईल बघत नाहीत. त्यांनी मोबाईल उपडा ठेवला. आनंदाच्या दिवशी एवढं चालतं.

१५ नोव्हेंबर

प्रस्तावनेसाठी जुनी परीक्षणं वाचतेय. कविता लिहिणारा माणूस परक्या सरकारच्या मोजणी खात्यात होता. साखळी घेऊन दिवसभर जमिनी मोजायचा आणि सकाळी सगळे उठायच्या आत तळ्यावर जाऊन बसायचा. एका पहाटेची एवढीच ही दीर्घ कविता. लव्हाळ्याच्या बुडाशी काळं आणि शेंड्याशी दुधी होत जाणारं पाणी, चिखलात उमटून पुन्हा भरून येणारी पावलं, धुक्यातून आधी आवाज आणि मग पक्षी. मी ती किती वेळा वाचली असेल ते देव जाणे, पण ते धुकं निवळायला लागलं की अजूनही माझा श्वास हळू होतो. इतकं नीट बघणारा दुसरा कवी आपल्याकडे झाला नाही. हे मी प्रस्तावनेत जरा सभ्य शब्दांत लिहीन.

त्या काळच्या टीकाकारांनी त्याला सोलून काढलं. एका मासिकात तर लिहिलं होतं, 'देश पेटला असता हे गृहस्थ चिखलात उभे राहून बगळे मोजीत आहेत. सरकारने यांस जमीन मोजावयास ठेवले होते.' वाक्य झणझणीत आहे, हसू येतं, आणि मग वाईट वाटतं. त्यानंतर कवीने एक ओळ छापली नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर ही कविता अभ्यासक्रमातून काढायला निघाले होते. 'पळपुटी कविता' असा शेरा होता. तेव्हा आमच्या सरांनी, ते नुकते नोकरीला लागलेले, 'घारीची सावली' हा लेख लिहिला. सगळा लेख दोन ओळींवर उभा आहे:

बांधावरुनी हळूच उतरे एकटीच ती घार
कुणी न उठले, कुणी न हलले, बगळा राही गार

सरांनी दाखवलं की घार म्हणजे परकी सत्ता. ती उतरते, पण साधासुधा बगळा जागचा हलत नाही. गार राहतो, म्हणजे निर्भय राहतो. एका रात्रीत पळपुटी कविता देशभक्तीची झाली, शाळेच्या पुस्तकात गेली, पोरापोरांच्या तोंडी झाली. मलाही तिथेच भेटली. वर्गात आम्ही म्हणायचो, घार बघून बगळा गार पडला, म्हणजे घाबरला. बाईंनी पट्टी दाखवली की आम्हीही गार.

२१ नोव्हेंबर

सरांकडे गेले. नव्वदीला टेकलेत, पण कविता मुखोद्गत. तोंडात दात एक नाही. कवळी लावा म्हणून सूनबाई वर्षानुवर्षं मागे लागल्यात, आणि सर म्हणतात, "मला कुणाला चावायचं नाही." व आणि फ सगळे सारखेच ऐकू येतात, तरी ते म्हणायला लागले की घर गप्प होतं. त्यांच्याकडून ही कविता ऐकली म्हणून मी या धंद्यात आले. नाहीतर वडलांच्या मनाप्रमाणे हिशेबनीस झाले असते.

बांधाच्या ओळींपाशी आले आणि थांबले. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर पुढच्या कडव्यापासून सुरू. गेली कित्येक वर्षं त्यांना नेमकी याच जागी तहान लागते. वयाचा परिणाम. स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या ओळी विसरायच्या, याच्यापेक्षा वाईट काय असेल? मी नजर दुसरीकडे वळवली.

निघताना विचारलं, "तळं बघितलंस का कधी?"

"फोटोत बघितलंय, सर."

"फोटोत आवाज नसतो, पोरी. जाऊन ये. पहाटेची जा. आणि बांधाच्या पश्चिमेला एक दगडी मोरी आहे, ती अजून गळते का बघ."

कुठे वाचलं असेल त्यांनी हे? मला तर मोरीचा उल्लेख कुठे सापडला नाही. या माणसाचं वाचन अफाट.

३ डिसेंबर

दंतवैद्यांना अंधारातच उठवून तळ्यावर नेलं. वाटभर ते एकच वाक्य म्हणत होते, "लग्नाच्या वेळी हे कुणी बोललं नव्हतं."

आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो. सगळं तसंच आहे. काळं पाणी वरवर दुधी होत जातं, धुक्यातून आधी आवाज येतो. मोजणी खात्यातल्या माणसाने शब्दही मोजून ठेवलेत, एक कमी नाही की जास्त नाही. मला रडू आलं. यांनी रुमाल दिला आणि टिंगल केली नाही, हेही लिहून ठेवते.

उजाडल्यावर एक घार आली. खरीखुरी. ती बांधावर दिसायचा अवकाश, टिटव्यांनी आकाशपाताळ एक केलं. पाणकोंबड्या लव्हाळ्यात घुसल्या आणि बगळे तर सगळ्यांच्या आधी उडाले. बांध क्षणात मोकळा. 'कुणी न उठले, कुणी न हलले' म्हणे. मी हसले. कवीचं स्वातंत्र्य, म्हटलं.

पण मग मनात आलं, या माणसाने दुसरीकडे कुठे असं स्वातंत्र्य घेतलंय? कुठेच नाही.

मोरी सापडली. अजून गळते. बांधावरून एक बारीक धार खाली उतरते, इतकी हळू की पाण्यावर फक्त एक सुरकुती उठते. घार गेल्यावर पक्षी परत आले आणि एक बगळा थेट त्या धारेखाली येऊन उभा राहिला. तिथे मासळी जमत असणार. पाणी पाठीवरून ओघळतंय, आणि हा ढिम्म.

हे म्हणाले, "गारठला असेल बिचारा."

गार. मी तिथेच चिखलात खाली बसले.

४ डिसेंबर

झोप नाही. घार नाही, धार. 'बांधावरुनी हळूच उतरे एकटीच ती धार.' कुणी उठलं नाही, कुणी हललं नाही, कारण उठण्यासारखं काही झालंच नव्हतं. बगळा गार राहिला, कारण त्याच्या अंगावर पाणी पडत होतं.

यांचं भिंग आणून पहिली आवृत्ती बघितली. तिथे 'घ'च आहे, डोक्यावरची रेघ बंद. हस्तलिखित कधीच गेलं. पण घ आणि ध यांची गल्लत म्हणजे आपल्या छापखान्यांचा रोजचाच संसार. खिळा जुळवणाऱ्याचा हात एक घर चुकला आणि पाण्याची धार आकाशात उडाली. कवीने ते कळवलं का नाही, कोण जाणे. कदाचित परीक्षण वाचल्यावर त्याला पुस्तक उघडावंसंच वाटलं नसेल.

गंमत अशी की कविता आता मला दुप्पट आवडते. सगळी पहाट एका गळणाऱ्या मोरीपाशी येऊन थांबते. दिवसभर परक्यांसाठी जमीन मोजणाऱ्या माणसाला मोजता न येणारी एक गोष्ट सापडली आणि तो बघत उभा राहिला. बस, एवढंच. एवढं पुरेसं आहे.

पण घार गेली की सरांचा लेख गेला, जो या आवृत्तीच्या शेवटी छापायचाय. आणि सत्काराला तोच लेख वाचणार, त्याच लेखाची चौकट करून देणार. मी काय त्यांच्या नव्वदाव्या वर्षी ती चौकट भिंतीवरून खाली उतरवू?

११ डिसेंबर

दंतवैद्यांचा सल्ला: "किडलेला दात काढावा. ठेवला तर शेजारचे बिघडतात."

मी म्हटलं, "नव्वदीच्या माणसाचा शेवटचा दात कुणी काढतं का?"

"त्यांना एकही नाही."

"तेच म्हणतेय मी."

आमच्या घरात वाद असेच संपतात. शेवटी कोण जिंकलं ते दोघांनाही कळत नाही.

१८ डिसेंबर

नवलच. सर यांच्या दवाखान्यात गेले होते, आपण होऊन. कवळी हवी, आणि सत्काराच्या आत हवी. हे सांगत होते, "पेशंट फार चोखंदळ आहे गं तुझा. खायचं सोडून बोलायचंच विचारतो. मला म्हणाले, बाकी काही नाही, 'ध' स्वच्छ आला पाहिजे."

"ध?"

"बरोबर आहे त्यांचं. क ख ग घ ला नुसता घसा पुरतो. त थ द ध ला दात लागतात. खुर्चीत बसून धरण, धूर, धान्य असं घोकत होते."

मला भरून आलं. सत्काराला उभं राहून स्पष्ट 'धन्यवाद' म्हणायचंय त्यांना. जन्मभर कुणापुढे हात न पसरलेला माणूस. एवढ्या आनंदात आहेत आणि मी पदरात निखारा घेऊन हिंडतेय.

२ जानेवारी

आज सांगायचंच, असं ठरवून गेले. सरांनीच विषय काढला.

"तळ्यावर गेली होतीस ना? काय दिसलं?"

"बगळे, सर."

"आणि?"

"लव्हाळे. धुकं. सगळं अगदी कवितेसारखं."

"आणि मोरी?"

"आहे. गळते अजून."

ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. थकलेले दिसले. आता त्यांना फार बोलायला लावायला नको. दाराशी सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हणून सकाळपासून चार वेळा रस्त्यावर बघितलं त्यांनी." म्हणजे मी गेले तेही त्यांना जड जातं आणि नाही गेले तेही.

९ जानेवारी

घार ठेवली.

घाईदासांनी शेवटची प्रुफं उभ्याउभ्याच मागून नेली. मी मनाची समजूत घातली: सगळ्या छापील आवृत्त्यांत घार आहे, लोकांच्या तोंडी घार आहे, माझ्या हातात पुरावा काय, तर एक ओला बगळा. शास्त्राला धरून आहे सगळं. तरी प्रुफं देताना त्या पानावर माझा अंगठा जरा जास्तच वेळ राहिला.

सर आहेत तोवर घार राहील. मग बघू. हा विचार लिहून ठेवतानाही लाज वाटते. म्हणजे मी त्यांच्या जाण्याची वाट बघणार? नाही. पण त्यांचं मन मोडण्यापेक्षा चुकीची ओळ परवडली. त्या ओळीला कुठे काय वाटतं.

२४ जानेवारी

कवळी बसली. हे कौतुकाने सांगत होते की पहिल्याच दिवशी 'ध' असा आला की शेजारच्या खुर्चीतला पेशंट दचकला.

१७ फेब्रुवारी

सभागृह भरलं होतं. आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही.

कार्यक्रमाच्या आधी आतल्या खोलीत मी सरांच्या हातात पुस्तक दिलं. कोरं, शाईचा वास येणारं. त्यांनी मुखपृष्ठ बघितलं नाही, माझी प्रस्तावना बघितली नाही. थेट ते पान काढलं. चष्मा वर केला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, बघितलं. मग पुस्तक मिटून माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तूही?"

मी काही विचारणार, तेवढ्यात घाईदास आले आणि आम्हाला मंचाकडे हाकललं.

भाषणं झाली. लेखाची चौकट दिली. सरांना बोला म्हणाले, तर ते उभे राहिले आणि कविता म्हणायला लागले. पुस्तक टेबलावरच. धुकं निवळलं, पाणी दुधी झालं, आणि बांध आला. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"बांधावरुनी हळूच उतरे एकटीच ती धार."

स्वच्छ. दंत्य. मागच्या भिंतीपर्यंत. मग वर्गात थांबायचे तसे थांबले, आणि ओळ पुन्हा म्हणाले. "धार." आणि मग शेवटपर्यंत सगळी कविता.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या मागचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "आवाज काय खणखणीत आहे. कवळी मात्र नवी दिसते, घ चा ध होतोय." दंतवैद्य खुर्चीतच गर्रकन वळले. "अहो, कवळीने असं होत नसतं. होतं ते उलट." त्यांना एवढं चिडलेलं मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणजे त्यांनाही कळलं होतं, कधीतरी, कुठेतरी. अलीकडेच कळलं असेल. पण मग 'तूही' का? नुसतं 'तू' म्हणाले असते तर मला समजलं असतं. 'तू घार ठेवलीस?' असं. तो 'ही' कशासाठी? माझ्याशिवाय आणखी कुणी ठेवली?

१८ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात बातमी आलीय, फोटोसकट. सरांनी म्हटलेल्या दोन ओळी ठळक छापल्यात. घार. काल सगळ्यांदेखत माणूस घसा फोडून ध म्हणाला आणि आज पुन्हा घ.

पेपर हातात घेऊनच त्यांच्याकडे गेले. वाटेत त्या 'ही'चा अर्थ लागला आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मोरी. जी कुठल्याच पुस्तकात नाही ती मोरी. आणि ती तहान.

सर गॅलरीत बसले होते. मी पेपर पुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि मनापासून हसले.

"कधी गेला होतात तळ्यावर?" मी विचारलं.

"लेख छापून आला त्याच महिन्यात. मोठ्या तोऱ्यात गेलो होतो. मोरीखाली उभा राहिलो आणि चप्पल ओली झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"अभ्यासक्रम समितीची बैठक व्हायची होती. घार काढली असती तर कविता गेली असती. मग म्हटलं, एकदा पोरांना पाठ होऊ दे, मग सांगू. पोरांना पाठ झाली. मग त्यांच्या पोरांना झाली. जितकी गाजली तितकी माझी जीभ जड होत गेली. दात गेले तेव्हा खरं सांगू का, बरंच वाटलं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस. म्हणून तळ्याचं ऐकायला पाठवलं. बघून आलीस हे तुझ्या तोंडावर दिसत होतं. बोलेल आता, बोलेल, म्हणून वाट बघत बसलो." मग त्यांनी चष्म्यातून रोखून बघितलं, तोंडी परीक्षेत बघायचे तसं. "तू का ठेवलीस घार?"

"तुमच्यासाठी."

"मी कवितेसाठी ठेवली होती. तुझं कारण माझ्याहून वाईट आहे."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. हा माणूस मला पूर्वी थोर वाटायचा तो त्या लेखामुळे. आज लेख पडला आणि माणूस होता तिथेच उभा आहे, उलट आता जवळून दिसतोय. आपल्या हातून जगलेली कविता, जिच्यामुळे आपण गाजलो ती ओळ, त्याने काल दोनदा स्पष्ट उच्चारून परत केली. एका अक्षरासाठी तोंडात दात बसवून घेतले. असं प्रेम मी कवितेवर करते का, हे मला स्वतःला विचारायला हवं.

मग कामाला बसलो. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायचं. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला: 'घार ऐवजी धार असे वाचावे. संपादिकेने हे तळ्यावर जाऊन पाहिले आहे.' तुमचंही नाव घालू का, विचारलं तर म्हणाले, "माझं नाव घारीखाली आहे, तिथेच राहू दे. लेख काढू नकोस. त्याच्या शेवटी एक ओळ टाक: हा लेख चूक असून उपयोगी पडला."

घाईदासांना फोन केला. शुद्धिपत्र म्हटल्यावर ते बहुधा पहिल्यांदाच कुठेतरी बसले असावेत.

निघताना सरांनी मला थांबवलं. "म्हण बघू एकदा."

"एकटीच ती धार," मी म्हणाले.

"छान." मग त्यांनी तोंडातली कवळी काढली, पाण्याच्या वाटीत सोडली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. बोळक्या तोंडाने म्हणाले, "ही घेऊन जा. तिचं काम झालं."

वाटी आता माझ्या टेबलावर आहे. दंतवैद्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.